किंचित चढी

हीटर बंद ठेवा, असं मी तीनदा सांगितलं होतं.
फेब्रुवारीतल्या कॅथीड्रलची थंडी
गुडघ्यांतून बोलते; पण नळ्यांना तीच मानवते.
नुसती हाताची ऊब लागली तरी सूर चढतो,
म्हणून नळीला बोट लावायचं नाही,
तिच्या तोंडाशी श्वाससुद्धा सोडायचा नाही.
बेचाळीस वर्षं मी ऑर्गनच्या पोटात
परक्या घरातल्या पाहुण्यासारखा वावरलो.

खाली पट्ट्या दाबायला या खेपेला जॉसलिन.
नाताळपर्यंत हा पोरांतला पहिला आवाज होता.
मग एका रविवारी 'आमेन' म्हणता म्हणता
आवाज जिन्यावरून घसरला
तो तळघरातच जाऊन बसला.
पांढरा झगा घडी करून परत दिला म्हणे,
आईनं तुटलेलं बटणही लावून दिलं.
आता दिवसाला वीस पौंडांवर
एकेक पट्टी दाबून धरतो,
मी आतून ओरडतो: पुढची!

दोन नळ्या जवळजवळ सारख्या असल्या
की भांडतात. मधल्या हवेत थरथर उठते,
भरभर, मग सावकाश, मग आणखी सावकाश,
आणि मिटतं.
मिटलेलं ऐकू येत नाही, नुसतं कळतं,
जेवताना कुणी न बोलता
मीठ पुढे सरकवावं तसं.

सर्वांत मोठी नळी बत्तीस फुटांची.
ती कानांची नव्हेच, बाकावर बसून
हाडांनी घ्यायची.
तिच्या मागच्या फळीवर भाता मारणाऱ्या पोरांनी
खिळ्यानं कोरलंय: टोबायस. ॲम्ब्रोज. फार थंडी.
साल पुसट झालंय. थंडी अजून वाचता येते.

सर्वांत धाकटी पेन्सिलीएवढी.
तिचं मी कुणाला सांगितलेलं नाही.
पाच वर्षांपूर्वी वरचे सूर उठून जायला लागले,
आधी वटवाघळं, मग नाकतोडे,
मग कुंपणातला तो इवला पक्षी,
ज्याची आता नुसती चोच हलताना दिसते.
शेवटच्या बारा नळ्यांपाशी मी थांबतो
आणि विचारतो, "जॉसलिन, तुला काय वाटतं?"
पोराला वाटतं, मी त्याला शिकवतोय.
"अजून थरथरतंय," तो म्हणतो.
"थोडं. आणखी थोडं. थांबा."
मी थांबतो.

संध्याकाळी साडेपाचची प्रार्थना.
त्यात पंधरा तारीख, महिन्यातलं सगळ्यांत लांब स्तोत्र,
पोरं आधीपासूनच पाय बदलत उभी.
ऐकायला अकरा माणसं,
त्यांतली दोन बहुधा पाऊस चुकवायला आलेली.
स्तोत्र एकदाचं संपलं. मिस क्वार्मबींनी हात उचलले,
शेवटचा सूर छताच्या दगडी फांद्यांत चढत गेला
आणि मी डोळे मिटले.
काय शांतता होती!
बेचाळीस वर्षांत अशी ऐकली नव्हती.

डोळे उघडले तर सगळे वर बघत होते.
डीनसाहेबांचं बोट कानाशी गेलेलं,
छोट्या पोरांच्या गालांत दाबलेलं हसू.
मिस क्वार्मबी खटके ओढत होत्या, ढकलत होत्या,
एकही ऐकत नव्हता.
माझ्या बाहीला कुणाचा तरी हात लागला.
"मिस्टर थ्रेलफॉल, एक अडकलीय. वरची.
वाजतेच आहे."

मी शिडीकडे बघितलं. तो माझ्याकडे.
किती कळलं त्याला, मला माहीत नाही.
"जा," म्हणालो, "काढून आण."

नंतर, दरवाजाबाहेरच्या कमानीखाली
पावसाकडे पाठ करून त्यानं मूठ उघडली,
नळी ओठांशी धरली, फुंकली.
त्याचे गाल फुगलेले दिसले.
समोरच्या गवतावरचं एक कुत्रं थबकलं.
"कशी आहे?"
"किंचित चढी," मी म्हणालो.
"तुझ्या मुठीची ऊब."

तो हसला, घोगरं, जाड, मध्येच फाटलेलं.
ते मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.